रुद्राणीची शेवटची तुला

माजलगाव
१२ जुलै २०२५

अक्का,

शरणार्थ. फोन मुद्दाम करत नाही. फोनवर तू दोन मिनिटांत दवाखान्यात बसल्यासारखी बोलायला लागतेस, मी फोन आपटतो आणि मग आई महिनाभर दोघांची समजूत काढत बसते. कागदावर तुला मधे तोंड घालता येणार नाही. म्हणून लिहितोय. सगळं वाच.

तुझ्या संस्थेचा तो ‘सुदृढ बालक’ कार्यक्रम रुद्राणीच्या शाळेत आला. जाड मुलांना व्यायाम, आहाराचे धडे, सगळं मोफत. जिल्ह्याचं काम तुझ्याकडे, म्हणून मी दुकानात येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगत होतो, “आमच्या अक्काचं काम हाय.” आता तोंड लपवायची वेळ आली आहे.

सोमवारी खेळाच्या राधाकिशन सरांनी सहावीच्या सगळ्या पोरांची वजनं केली आणि भिंतीवर तक्ता लावला. सगळ्यात जड मूल सगळ्यात वर. पहिलं नाव रुद्राणी, त्रेसष्ट किलो. पोरीचा आजवर कशात पहिला नंबर आला नव्हता, तो तू आणून दिलास. वरची सात नावं लाल शाईत. त्या सात जणांना वेगळं काढून मैदानाला पाच फेऱ्या मारायला लावल्या. बाकीचा वर्ग लिंबाखाली बसून मोजत होता. तिसऱ्या फेरीला रुद्राणी पडली, गुडघा फुटला. एक पोरगं ओरडलं, “पळा बे, भूकंप झाला!” सगळे हसले. सरही गालात हसले, असं ती म्हणते.

पाच दिवस झाले, पोरगी शाळेत गेली नाही. अकरा वर्षांची मुलगी भिंतीकडे तोंड करून पडून राहते. हे कसलं आरोग्य शिकवताय तुम्ही? स्वतःच्या भाचीची अशी वरात काढायला तू त्या नोकरीत गेलीस का? उत्तर दे. पण मला कॅलरी शिकवू नकोस.

वीरेश



बीड
१८ जुलै २०२५

वीरेश,

वाचलं. सगळं वाचलं. राग यायलाच हवा, मलाही आला. पण तो चुकीच्या दारात आणून टाकलास. मुलांची वजनं भिंतीवर लावा, असं आमच्या कार्यक्रमात कुठेही नाही. हा राधाकिशन सरांचा स्वतःचा उद्योग आहे. त्यांना आजच संस्थेकडून नोटीस पाठवली. खुलासा आला नाही तर त्यांना या कामातून काढते.

आता माझा राग ऐक.

दिवाळीला आले होते तेव्हा बबिता न्हाणीघरात रुद्राणीची मान डाळीच्या पिठानं घासत होती. पोरगी रडत होती आणि बबिता म्हणत होती, “किती मळ साचलाय, बघा की वन्सं.” मी तेव्हाच सांगितलं, तो मळ नाही. जाड मुलांच्या मानेला अशी काळी घडी पडते तेव्हा शरीर आतून साखरेशी झगडत असतं. उपाशीपोटी रक्त तपासून घ्या म्हणाले. तू म्हणालास, “बघू, हंगाम संपू दे.” आठ महिने झाले, वीरेश. कसला हंगाम चाललाय तुझा?

शाळेतून आली की ती दुकानात बसते आणि तिनं गप्प राहावं म्हणून तू वर न बघता बिस्किटाचा पुडा तिच्यापुढे सरकवतोस. आई भाकरीवर तूप घालत नाही, तुपात भाकरी बुडवते. आणि एवढं करून श्रावणात तिला पारड्यात बसवून गुळानं तोलता आणि टाळ्या वाजवता. शाळेनं चूक केली, ती एका दिवसाची. तुम्ही घरातले दहा वर्षं करताय.

रक्ताचा रिपोर्ट पाठव. आणि यंदाची तुला रद्द कर.

शिवांजली



माजलगाव
२७ जुलै २०२५

अक्का,

रिपोर्टचं नंतर बघू. आधी तुलेचं.

तू तेव्हा पुण्यात परीक्षेला होतीस. आठव्या महिन्यात झालेली पोर, पावणेदोन किलो. कापसात गुंडाळून आणली होती. रडायला लागली तर आवाज निघत नव्हता, नुसतं तोंड उघडायचं. डॉक्टर म्हणाले होते, आशा ठेवू नका. आईनं पाटोद्याकडच्या आपल्या मठात जाऊन पदर पसरला, की पोर जगली तर बारावं संपेपर्यंत दरसाल श्रावणात तिच्या भारंभार गूळ वाटीन. पहिल्या वर्षी सहा किलो गूळ लागला. त्या सहा किलोकडे बघून आई किती रडली होती, ते मी पाहिलंय. तू नाही पाहिलंस. दरसाल पारडं जड झालं की आमच्या घरात तेवढा जीव येतो. तुझ्या तक्त्यात ह्याला रकाना आहे का?

यंदाची तुला शेवटची. अठरा ऑगस्ट, शेवटचा श्रावणी सोमवार. पहिली ढेप आत्यानं ठेवायची हे तुला माहीत आहे. तू आली नाहीस तर लोक विचारतील आणि आईला उत्तर द्यावं लागेल. तिची तब्येत आता पहिल्यासारखी नाही.

रुद्राणी शाळेत जायला लागली. मी शाळेत जाऊन राधाकिशन सरांना सगळ्यांसमोर झाडलं. तुझी नोटीसही पोचली म्हणे. बरं झालं. पोरगी खुशीत आहे, जेवते-खाते. काळजी करू नकोस.

वीरेश



माजलगाव
३ ऑगस्ट

आत्या,

हे पत्र मी शाळेशेजारच्या पोस्टात स्वतः टाकणार आहे. घरी कुणाला माहीत नाही आणि तूपण सांगायचं नाही. पप्पांचं पत्र मी वाचलं, त्याखालचं तुझंपण. त्यांनी पाकिटात घालायच्या आधी गल्ल्यापाशी ठेवलं होतं. मी खुशीत नाही.

आधी सरांचं सांगते. पप्पा शाळेत येऊन ओरडून गेले. दुसऱ्या दिवशी सरांनी मला बोलावून तुमच्या कार्यक्रमाची पुस्तिका दाखवली. म्हणाले, “बाई, मी हसायला नको होतं. ते माझं चुकलंच. पण तक्ता मी माझ्या मनानं न्हाई लावला.” पान नऊवर लिहिलंय, “मुलांमध्ये निरोगी स्पर्धा निर्माण व्हावी म्हणून वजनाचा क्रमवार तक्ता वर्गात दर्शनी भागावर लावावा.” शेवटच्या पानावर ‘लेखन’ असं लिहून खाली तुझं नाव आहे. तुझंच आहे. मी तीनदा वाचलं.

तू पप्पांना लिहिलंस की असं कुठेही नाही. मोठी माणसं खोटं लिहितात तेव्हा त्यांना कुणी फेऱ्या मारायला लावत नाही का?

आता पप्पांचं. दुकानात एक माणूस येतो. तो परवा म्हणाला, “शेठ, गोदामातला माल कुठं गायब होतोय ते आता कळलं,” आणि माझ्याकडे बघून हसला. पप्पापण हसले. गिऱ्हाईक आहे म्हणून हसले असतील. मी पोत्यावर तिथंच बसलेली होते. शाळेत पोरं हसली तर पप्पा भांडायला गेले. दुकानात ते स्वतः हसले तर मी कुणाला घेऊन जाऊ?

आणि मी जेवते-खाते हे खोटं आहे. तक्ता लागल्यापासून मी सकाळची भाकरी पिशवीत घालते आणि वाटेत गाईपुढं टाकते. डबा संस्कृतीला देते, ती माझी मैत्रीण. बुधवारी जिन्यावर डोळ्यांपुढं अंधार आला आणि मी चार पायऱ्या खाली बसत बसत आले. मम्मीला वाटलं मी नाटक करते.

व्यायाम मला आवडत नाही असं नाही. तक्त्याच्या आधी एक आठवडा सर आमच्याकडून दोरीवरच्या उड्या मारून घेत होते. मी न थांबता चाळीस मारल्या. संस्कृतीनं मोजल्या. ते कुणी भिंतीवर लावलं नाही.

अठरा तारखेला मला पारड्यात बसवणार. शाळेतल्या तिघींची घरं मठाच्या पंगतीला येणार आहेत. सगळे मोठ्यानं ढेपा मोजतात, आत्या. शाळेत मोजलं तर पप्पांना राग येतो आणि मठात मोजलं की टाळ्या वाजवतात. मला दोन्हीकडे सारखंच वाटतं. तू ये आणि बंद कर. तू मोठी आहेस, तुझं ऐकतील.

मला कुणीच काट्यावर चढवू नका.

रुद्राणी



बीड
८ ऑगस्ट २०२५

वीरेश,

तुझी मुलगी महिनाभर उपाशी राहते आहे आणि तू मला लिहितोस, खुशीत आहे! भाकरी गाईला, डबा मैत्रिणीला. गेल्या आठवड्यात बुधवारी चक्कर येऊन जिन्यावरून घसरली. बबिताला ते नाटक वाटलं. हे मला कुठून कळलं ते विचारू नकोस. विचारायची लायकी तुझी नाही. दुकानात कुणीतरी तिच्या अंगावरून थट्टा केली आणि तू दात काढलेस, हेही मला माहीत आहे. त्या पोरीनं ते माझ्यापाशी लिहिलं, बापापाशी बोलली नाही. बापानं याची लाज धरावी.

तिला आधी पोटभर जेवू घाल. पोटभर म्हणजे वेळेवर, चारी ठाव, घरचं. डाळ, भाजी, भाकरी, ताक. बिस्किटं बंद म्हणजे जेवण बंद नव्हे. उपाशी ठेवून कुणी बरं होत नाही. आणि सोमवारच्या आत डॉक्टरांकडे ने.

पुस्तिकेचं तुझ्या कानावर येईलच, म्हणून आधी सांगते. त्या पानाचा मसुदा माझा होता. चार वर्षांपूर्वी लिहिला होता, वरून घाई होती, स्पर्धेनं मुलं हुरूप धरतात असं तेव्हा सगळेच म्हणत होते. मागच्या वर्षी तो भाग काढायचा ठरलं होतं, छपाईत राहून गेला. तरी तारतम्य शिक्षकानं ठेवायला नको का?

अठराला मी येते. ढेपेला हात लावणार नाही. आईच्या तोंडावर सांगणार, की हे बंद.

शिवांजली



माजलगाव
२१ ऑगस्ट २०२५

अक्का,

तू त्या दिवशी मठातून तशीच गाडीत बसून निघून गेलीस. थांबली असतीस तर तोंडावर बोललो असतो. आता पुन्हा कागद.

तुझं पत्र आलं त्या दिवशी मी रुद्राणीला विचारलं, “आत्याला काय काय लिवलंस?” तिनं माझ्याकडे असं बघितलं, की दुकानातून उठून जावंसं वाटलं. नंतर ती माझ्याशी बोलली नाही. तुझ्याशीही बोलली नसती. तिनं तुला विश्वासानं लिहिलं होतं आणि तू ते माझ्या डोक्यात हाणायला वापरलंस. पण ते जाऊ दे. त्यात मी जास्त कसूरवार.

तुला एक खरं सांगतो. अठराला मी तुझीच वाट बघत होतो. आईला नाही म्हणायची माझी छाती नाही. लहानपणापासून नव्हती. तू येशील, चार शब्द बोलशील, भांडण होईल, तुला रद्द होईल आणि दोष तुझ्यावर जाईल, असा माझा हिशेब होता. पोरीला मी स्वतः पारड्यात बसवलं. ती नुसती तुझ्याकडे बघत होती.

आई म्हणाली, “ठेव की गं आत्या. मी पुढल्या साली असंन नसंन.” दोनशे माणसं बघत होती. आणि तू ढेप उचललीस. दहा किलोची ढेप, दोन्ही हातांनी उचलून ठेवलीस. मला पत्रातून लाज धरायला सांगणारी तू! आईपुढं माझी जशी दातखीळ बसते तशीच तुझी बसली. फरक एवढाच, की मी पुस्तिका लिहीत नाही.

लोकांनी “एक!” म्हटलं. “दोन!” “तीन!” चौथी ठेवली आणि रुद्राणी उतरली. सरळ उठून पारड्यातून बाहेर. गुळाचं पारडं धाडकन फरशीवर आलं, ढेपा फुटून चौफेर गेल्या. आई किंचाळली. रुद्राणी म्हणाली, “झालं ना? आता वाटा.” एवढंच. आणि चप्पल न घालता दाराबाहेर गेली. तू तेव्हा खाली बसून गुळाचे तुकडे गोळा करत होतीस. कशाला करत होतीस, देव जाणे.

मी मागं गेलो. ती फाट्याच्या रस्त्याला लागली होती. चार किलोमीटर. मी हाका मारल्या, “रुद्रा, थांब, बाळा, गाडी आणतो.” तिनं मागं वळून बघितलं नाही. अक्का, मला तिला गाठता आलं नाही. अकरा वर्षांची पोर अनवाणी चालतेय आणि मी बूट घालून मागं धापा टाकतोय. अर्ध्या वाटेत मैलाच्या दगडावर बसावं लागलं. छातीत कळ आली की काय असं वाटलं. फाट्यावर पोचलो तेव्हा ती हॉटेलातल्या बाईकडून पाणी पीत होती. तळपायाला फोड आले होते. मी म्हणालो, “चुकलं माझं.” ती म्हणाली, “कोणतं?”

मला एकही सांगता येईना. म्हणून तुला सांगतो. रिपोर्ट मे महिन्यातच आला होता. साखर वाढलेली आहे. अजून आजार म्हणायचा नाही, पण काठावर आहे, असं डॉक्टर म्हणाले. मी तो घडी घालून गल्ल्याखालच्या खणात ठेवला. बबिताला सांगितलं नाही. तुला सांगितला असता तर तू जिंकली असतीस. पोरीच्या रक्ताचा कागद मी तुझ्याशी भांडण हरू नये म्हणून लपवला. हे लिहिताना मला माझीच किळस येते.

काल सगळं बबिताला आणि रुद्राणीला सांगितलं. रुद्राणीला आधी सांगितलं. रक्त तिचं आहे.

वीरेश



माजलगाव
२४ ऑगस्ट

आत्या,

तुझी चिठ्ठी मिळाली. “मला माफ कर, माझा हात कसा गेला कळलं नाही” असं तू लिहिलंस. मला कळलं. आजी रडत होती आणि मी रडत नव्हते, म्हणून गेला. पुढच्या वेळी मी पण मोठ्यानं रडीन म्हणजे माझ्याकडे बघाल.

मी तुला माफ केलेलं नाही. माझं पत्र पप्पांना सांगितलंस, ते वेगळं. ढेप ठेवलीस, ते वेगळं. आणि सरांवर घातलंस, ते सगळ्यात वाईट. सरांना तुझ्या नोटिशीमुळे शाळेच्या संस्थाचालकांनी सगळ्या शिक्षकांसमोर उभं केलं होतं. सर परवा वर्गात आले आणि स्वतः माझी माफी मागितली, सगळ्या वर्गासमोर, हसल्याबद्दल. त्यांना हे जमलं. तुला का जमत नाही? तू तर त्यांची मोठी साहेब आहेस.

म्हणून तू आता एक काम करायचं. तुमचा कार्यक्रम ज्या ज्या शाळेत आहे तिथे पत्र पाठवायचं. पान नऊ मी लिहिलं, ते चूक होतं, तक्ते आजच्या आज काढा, असं. छपाईत राहिलं, वरून घाई होती, असलं काही लिहायचं नाही. प्रत्येक शाळेत एखादी तरी रुद्राणी पहिल्या नंबरावर असेल. तिला ते पत्र वाचून दाखवायला सांग. सरांची नोटीस परत घे. मग माझ्या माफीचं बघू.

आजी माझ्याशी बोलत नाही. ती म्हणते नवस मोडला, आता काय होईल सांगता येत नाही. मी तिला म्हणाले, “नवस मी जगावं म्हणून केला होतास ना? मग मला जगू दे की.” तेव्हापासून ती देवघरात बसून असते. पण काल तिनं माझ्या ताटात भाकरी वाढली आणि तूप वेगळ्या वाटीत ठेवलं. मी अर्धं घेतलं.

मी आता जेवते. खरंच जेवते, पप्पांचं ऐकून नव्हे. डॉक्टरीणबाईंनी माझ्याशीच बोलून सगळं समजावलं, मम्मीशी नाही. मानेचं पण सांगितलं. मम्मी ते ऐकून खुर्चीतच रडायला लागली. आता कुणी माझी मान घासत नाही.

माजलगावला परत आल्यावर तिसऱ्या दिवशी पायाचे फोड बसले आणि मी पहाटे उठून धरणाच्या रस्त्यानं चालायला गेले. कुणी सांगितलं नव्हतं. मठापासून फाट्यापर्यंत मी एकटी चालले होते, तेव्हा पाय दुखत होते पण डोक्यात एकदम शांत होतं. तसं परत व्हावं म्हणून गेले. दुसऱ्या दिवशी पप्पा मागून आले. ते लई धापा टाकतात. संस्कृतीपण येते. तिच्यात आणि माझ्यात तेहतीस किलोंचा फरक आहे आणि आम्ही रस्त्यात त्यावर एक शब्द बोलत नाही.

तुला खरंच काही वाटत असेल तर पत्र लिहू नकोस. तुम्ही दोघं पत्रांत एकमेकांना बोलत राहता आणि मधे मी असते. येत्या रविवारी ये. पुस्तिका आणायची नाही, काटा आणायचा नाही, मला किती पावलं झाली ते मोजायचं नाही. काही शिकवायचं नाही. नुसतं चालायचं.

सहा वाजता आम्ही निघतो. उशीर केलास तर मी थांबणार नाही. पप्पांसाठीही थांबत नाही.

रुद्राणी